गळ्याशी चुंबक

फौजदाराने आज तिसऱ्या दिवशीही दाण्याला चोच लावली नाही. एरवी कपडे शिवायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला छाती फुगवून फाटकातच अडवणारा हा नऊ किलोचा टर्की कोंबडा अंगणात अप्पांच्या खुर्चीपाशी मान वाकडी करून बसला होता. पिसं विस्कटलेली, चोच अर्धवट उघडी. गळ्याशी लोंबणाऱ्या लालभडक कातडीचा रंग पार उतरला होता.

शिंपीण त्याच्यासमोर उकिडवी बसली होती, फोन स्पीकरवर टाकून. पलीकडे डॉक्टर. आसपासच्या दहा गावांत एकटेच, आणि तेही गाईगुरांचे.

"बाई, मी टर्की फक्त फोटोत पाहिलाय," ते म्हणाले. "मी विचारतो ते बघून सांगा. गळ्याखाली दाण्याची पिशवी असते. हाताला कशी लागते?"

"मऊ आहे. पण हात लावला की अंग चोरतो."

"काही टोकदार गिळलंय का? खिळा, तार, सुई?"

"छे! सुई कुठून गिळेल? आमच्या दुकानात रोज संध्याकाळी चुंबक फिरतो. एक टाचणी जमिनीवर राहत नाही."

हे तिने ठसक्यात सांगितलं, आणि सांगता सांगताच तिची नजर खुर्चीत बसलेल्या अप्पांवर गेली.

काजा-बटणांचं काम तिच्या या सासऱ्यांकडे. दोन महिन्यांपासून ते दुकानात न बसता अंगणात बसत होते. बाहेर उजेड बरा, म्हणायचे. फौजदार दिवसभर त्यांच्या पायाशी. दुकानातला चुंबक मात्र उंबरा ओलांडून कधी बाहेर आलाच नव्हता.

"डॉक्टर, फोन ठेवू नका."

ती धावत आत गेली आणि साबणाच्या वडीएवढा काळा चुंबक घेऊन आली. खुर्चीखालच्या मातीत तो एकदाच फिरवला. वर उचलला तेव्हा चार टाचण्या, एक हुक आणि दोन सुया चिकटून आल्या. एका सुईत अजून निळा दोरा होता.

अप्पांनी तिकडे बघितलं नाही. मांडीवरच्या शर्टाकडे बघत राहिले.

"पडतात कधीकधी," ते म्हणाले. "मग सापडत नाहीत."

"मला हाक मारायची ना!"

"किती वेळा मारू?"

राग आला तिला. पण भीतीपुढे तो टिकला नाही. तिने चुंबक चिंधीने पुसला आणि फौजदाराच्या गळ्याखाली पिसांवरून हळूहळू फिरवला. एका जागी तो आला आणि तिथली कातडी आतून वर उचलली गेली, गव्हाच्या दाण्याएवढी. फौजदार अंगभर शहारला.

"आहे, डॉक्टर. आत आहे."



"चुंबक काढू नका. नीट ऐका. आत्ता ती सुई पिशवीत आहे, तोवर चीर देऊन काढता येईल. खाली पोटात उतरली की कुणाच्याच हातात काही राहणार नाही. शहरातल्या दवाखान्यात न्या, मी त्यांना कळवतो. पोचेपर्यंत चुंबक तिथंच धरून ठेवायचा. बांधू नका, श्वास अडेल. दाबू नका. आणि हलू देऊ नका."

"दोन तासांचा रस्ता आहे हो!"

"माहीत आहे, बाई."

शेजारचा अंडीवाला टेम्पो घेऊन शहराकडे निघायच्या बेतातच होता. अप्पांनी फाटकातून त्याला हाक मारली.

"बसा पुढे," तो म्हणाला. "मागे अंडी आहेत. मी तसाही जपूनच चालवतो."

फौजदाराला उचलायचं तर दोन्ही हातांनी पंख आवळून धरायला हवेत. ते धूड अप्पांना पेलणारं नव्हतं. म्हणजे चुंबक अप्पांकडे.

अप्पांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. तो थरथरत होता. दोन महिने ते तो हात खिशात, शर्टाखाली लपवत आले होते, आणि तीही आपल्याला दिसलंच नाही असं दाखवत आली होती.

"याच हातातून पडली ती," ते म्हणाले.

"दुसरा आहे कुठे आपल्याकडे? धरा, अप्पा."

त्यांनी धरला.

टेम्पोत फौजदार तिच्या मांडीवर, अप्पा त्याच्याकडे वळून बसलेले, कोपर गुडघ्यावर रोवलेलं. डाव्या हाताने त्यांनी उजव्याचं मनगट घट्ट पकडलं होतं. खड्डा आला की अंडीवाला ब्रेक लावायच्या आधी "खड्डा" म्हणून सांगायचा आणि तिघंही श्वास धरायचे. मागे अंड्यांचे ट्रे कुरकुरायचे. निम्म्या वाटेवर फौजदाराने डोळे मिटले, ते अजून उघडले नव्हते. तिचे हात केव्हाच बधिर झाले होते. इंजिनाच्या धडधडीत त्याच्या छातीची धडधड तिला वेगळी लागत नव्हती, आणि खाली वाकून बघायचा धीर होत नव्हता.

"काका, आहे ना जीव?" अंडीवाल्याने विचारलं.

अप्पांनी आपल्या बोटांकडे बघितलं.

"काहीतरी हलतंय," ते म्हणाले. "पण तो आहे की माझा हात, कळत नाही."