डावा कान

सिस्टरने काचेच्या पेटीतल्या बाळाची कूस बदलली आणि आई बोलता बोलता थांबली. बाळाचा उजवा कान आता गादीला टेकला होता. वर होता तो डावा.

"अहो ताई, कूस बदलली की तुम्ही कट्टी घेतल्यासारख्या गप्प का होता?" सिस्टरने विचारले.

"हे नको म्हणालेत."

बाप पेटीपलीकडे उभा होता. पेशाने वायरमन. दिवस भरण्याआधी जन्मलेली काही मुले उशिरा बोलतात, असे त्याने वाचले होते. डाव्या कानाची वाट मुख्यतः उजव्या मेंदूकडे, तर उजव्या कानाची मुख्यतः डाव्या मेंदूकडे जाते आणि भाषा बहुधा तिथेच घर करते, हेही वाचले होते. 'मुख्यतः' आणि 'बहुधा' हे दोन शब्द त्याने गाळले होते. चुकीच्या तारेत प्रवाह सोडायचा नसतो, एवढे त्याला पक्के ठाऊक होते.

"तुमचं वायरिंग घरी करा हो," सिस्टर हसून म्हणाली. तेवढ्यात डॉक्टरबाई आत आल्या. त्यांच्या हातात बाळाच्या डोक्याची सोनोग्राफी होती. सिस्टरचे हसू मावळले.

"मेंदूत रक्तस्राव झालाय. डाव्या बाजूला."

"भाषेच्या?" बापाने विचारले.

"त्याच. नुकसान किती, हे आज नाही सांगता येणार."

"मग उजव्या मेंदूत जोडता येईल? भाषा, म्हणजे."

"या वयात मेंदू कधी कधी एका बाजूचं काम दुसरीकडे सोपवतो. कधी कधी. आणि कानांचं इतकं काटेकोर नसतं. दोन्ही कान दोन्हीकडे पोचतात."

'कधी कधी' त्याने दोन्ही वेळा ऐकले. हे शब्द गाळणे मात्र त्याला जमले नाही.

डॉक्टरबाई पुढच्या पेटीकडे वळल्या.

"बोल," तो बायकोला म्हणाला.

"आत्ता? अहो, वर डावा कान आहे."

"त्याच कानात बोल म्हणतोय ना!" त्याचा आवाज चिरकला.

तिने पेटीची गोल खिडकी उघडली आणि तोंड जवळ नेले. ती हळूच म्हणाली, "बाळा, मी तुझी आई."

"ते तर केव्हाच सांगितलंस. पुढचं बोल."

"त्या बाजूला सांगितलं होतं," ती मान वर न करता म्हणाली. "या बाजूला मला कोण ओळखतं?"