शिकवणीमुक्त गणित

कृष्णनगरच्या शाळेत पारमिताने पीएचडीसाठी वर्षभर आपल्या मार्गदर्शक लाहिडी सरांच्या ‘शिकवणीमुक्त गणिता’चा प्रयोग केला आणि खेळातून शिकलेल्या वर्गाने शेजारच्या वर्गाला पार मागे टाकलं. सर इतके खूश झाले की त्यांनी विद्यापीठातल्या अख्ख्या विभागाला सरपुरिया मिठाई खिलवली.

प्रबंधात मुलांचेही दोन शब्द असावेत म्हणून पारमिता पुन्हा शाळेत गेली.

“खेळ एकदम झकास होते, दीदी!” पोरं म्हणाली. “पण गणित आम्हाला निताई मास्तर शिकवतात. आमचा सगळा वर्ग सकाळी त्यांच्याच शिकवणीला असतो. शेजारच्या वर्गाला तिथे जागाच मिळाली नाही.”

पीएचडी हातची जाईल हे दिसत होतं, तरी पारमिताने लिहून टाकलं: मुलं पुढे गेली ती खेळांमुळे की शिकवणीमुळे, हे या प्रयोगावरून सांगता येत नाही.

सरांनी ते पान दोनदा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला, उठले आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं.

“हे निताई मास्तर,” त्यांनी हळूच विचारलं, “आमच्या नातवाला घेतील का गं?”