मिचकाव की, माय!

नोव्हेंबर सरत आला, तरी जळकोटच्या माणिकला मायच्या हयातीचा दाखला काही काढता येईना. दाखला नाही तर पेन्शन बंद, अन् त्याचं घर त्याच पेन्शनवर चालून राहिलं होतं. मोबाईलवरचं दाखल्याचं ॲप मायचा चेहरा टिपताना सारखं म्हणत होतं, "डोळे मिचकावा." मायचे डोळे आपले टक्क उघडे.

"कोरडे पडलेत, दुसरं काय न्हाई. डॉक्टर म्हणलाच व्हता, थेंब टाका, पापणी हलवत ऱ्हावा," असं पुटपुटत माणिकनं ड्रॉपची अर्धी बाटली तिच्या डोळ्यांत रिचवली. "एकदाच मिचकाव की, माय! जन्मभर आडमुठीच ऱ्हायलीस!"

तेवढ्यात बायको दारातून कुजबुजली,

"आवो, तिरडी बांधून झाली. बाहेर येताना दोन थेंब सोताच्या डोळ्यात बी टाका, लोकं बघून राहिलेत."