यंत्राचा दिवस

खंडेनवमीला कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीतल्या भट्ट्या विझवल्या होत्या, पण भट्टीच्या भिंतीत बसवलेलं, तिच्या धगीपासून वीज करणारं क्वांटम इंजिन चालूच होतं. शेजारच्या प्रसूतिगृहात अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवलेल्या काचेच्या पेट्या त्याच्याच विजेवर उबदार राहत. भट्टीची उरलेली धग संध्याकाळपर्यंत पुरेल आणि पुढे बॅटऱ्या, असा अंदाज होता.

इंजिनिअर रेणुका पन्हाळकरने इंजिनाला हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि ती घरी गेली. इंजिन बनवणाऱ्या कंपनीचा नियम असा होता की दर पाळीला इंजिनाभोवतीच्या स्फटिकाची स्मृती पुसायची, म्हणजे नवं आवर्तन कोरं सुरू होतं. पण पूजलेल्या यंत्राला त्या दिवशी हात लावत नाहीत. नियम तिच्या ध्यानातही आला नाही.

दसऱ्याच्या सकाळी रेणुका इंजिनापाशी आली, तोच बंगळूरहून कंपनीच्या अय्यर साहेबांचा फोन आला. "तुमचं इंजिन अजून चालतंय. काय बदल केलात?"

रेणुकाने पडद्यावरचा आलेख पाहिला. इंजिनाने बाहेर टाकलेली उष्णता स्फटिकाने लक्षात ठेवली होती आणि रात्रभर थोडी थोडी परत दिली होती. बॅटऱ्या भरलेल्याच होत्या.

"काहीच नाही, सर. स्मृती पुसायची राहिली."

अय्यर साहेब म्हणाले, "आम्ही सगळीकडे ती पुसत आलो. अहवालात कारण काय लिहू?"

रेणुकाने हार नीट केला.

"लिहा, कोल्हापुरात वर्षातला एक दिवस यंत्राचा असतो. त्या दिवशी काय करायचं, ते त्याचं त्यानं ठरवलं."