आमचीच कॅप

"नवो धातू नाका माका," सुमंगलाकाकी म्हणाली. "हीच वितळव नि हिचीच कर."

मारुतीनं कपाळावर हात मारला. पेडण्याच्या बाजारात तो दातांच्या कॅपा ओतून द्यायचा. काकीच्या दाढेचं माप डॉक्टरणीनं पाठवलं होतं, पण काकी स्वतःच कोरगावहून येऊन बसली होती, रुमालाच्या गाठीत एक जुनी कॅप घेऊन.

"तुमचीच ना ही?"

"आमचीच."

मारुतीनं ती भिंगाखाली धरली. पार काळवंडलेली, वरचा पांढरा थर तडकून गेलेला. शिव शिव! कुण्या लबाडानं उरलासुरला धातू दहादा वितळवून केलेली दिसतेय. बेळगावात काम शिकताना गुरूनं कान पिळून सांगितलं होतं, असलं पाप करायचं नाही.

"काकी, ही आधीच आगीतून गेलीय."

काकी दचकली. "तुका कसां कळलां?"

"रंगच सांगतो. दर खेपेला धातूतलं काहीतरी जळून जातं. मग वरचा थर धरत नाही, कडा बसत नाहीत, हिरडी काळी पडते."

"पण थोडां तरी उरता मरे?"

"उरतं. पण पहिल्यासारखं नाही."

"उरता तितक्यान माझां भागता," काकी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. दाढ ठणकत असेल, मारुतीला वाटलं. बाई हट्टी खरी, पण आईच्या वयाची. तिच्या तोंडात असलं विष घालायचं त्याच्या जिवावर आलं.

ती गेल्यावर त्यानं जुनी कॅप भंगाराच्या डब्यात टाकली आणि कोऱ्या धातूची नवी ओतली. कडा घासून घासून अशी गुळगुळीत केली, की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. डबा त्याच आठवड्यात भंगारवाल्याकडे गेला.

काकी परत आली तेव्हा त्यानं कॅप तिच्या तळहातावर ठेवली.

"घ्या. तुमच्याच धातूची. आता काळजी नको."

काकीनं ती कपाळाला लावली. मग तिला रडू आवरेना.

"देव बरें करूं तुजें, पुता! हाडां, राख सगळी तेरेखोलच्या पाण्यात सोडलंय. चितेतलां आमच्यांचां एवढांच लपवन ठेवलंय."