मुकी शुश्रूषा

लांडग्यांसाठी लावलेल्या सापळ्यात पंख मोडलेली गरुडीण आयसुलूने घरी आणली, तेव्हा सासरे हरखले. साऱ्या अल्ताई पर्वतात त्यांच्यासारखा गरुड पाळणारा शिकारी नव्हता.

"भरवताना रोज हाक मारत जा, पोरी. आवाज ओळखीचा झाला की जन्मभर आपली!"

आयसुलूने हिवाळाभर तिला भरवलं, पण चकार शब्द न काढता.

बर्फ वितळेपर्यंत पंख सांधला. आयसुलूने गरुडिणीला डोंगरावर नेऊन तिच्या पायातला चामडी पट्टा सोडला, तशी ती उडाली. सासरे घोडा फेकत आले, मांस उंचावून घसा बसेपर्यंत हाका मारत राहिले. गरुडीण वळलीसुद्धा नाही.

"तोंडाला कुलूप होतं का गं तुझ्या हिवाळाभर?"

"हो, बाबा," आयसुलू म्हणाली. "हाक आली की धावणारी मी आहे की घरात. एक पुरे."