थोरल्या सुनेची चौकशी

परतूरच्या स्वराला जर्मनीत पीएचडीची जागा मिळाली. विषय होता चुंबकाचे केसाहून हजारो पटींनी बारीक थर. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता आणि तिच्या आईचा, सगुणाबाईंचा, होकार काही येत नव्हता.

"चार वर्षं पोरगी कुणाच्या हवाली करायची तर चौकशी नको? सोयरीक जोडताना आपण आधी त्या घरच्या थोरल्या सुनेला गाठतो. तिथं आधीची कोण हाये?"

"आई, लॅब हाये ती. सासर न्हाई."

"मंग तर विचारायलाच पाहिजे."

शेवटी स्वरानं तिथल्या आपल्या होणाऱ्या सरांच्याच हाताखाली तिसऱ्या वर्षाला असलेल्या निवेदिताला फोन लावून स्पीकरवर दिला. ती अकोल्याची.

"सर कसे हैत?" सगुणाबाईंनी विचारलं.

"चांगले आहेत, काकू. रागवत नाहीत."

"अन् काम?"

"आवडीचं आहे. रविवारीसुद्धा जाते मी."

"जेवलीस का, बाई?"

पलीकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला, बराच वेळ. स्वरानं मनातल्या मनात जर्मनीवर पाणी सोडलं.

सगुणाबाईंनी फोन ठेवला.

"कळव त्यांना, तू येऊन राह्यली म्हणून. ते अकोल्याचं लेकरू एकटंच हाये तिथं."